विमानात मोबाईल: काय चालतं, काय चालत नाही आणि का?

मी राहतो हुडकेश्वरला. म्हाळगीनगर, मानेवाडा करत रिंग रोडने वर्धा रोड गाठला की सोनेगावचं विमानतळ आलंच. आमच्या भागातली बरीच पोरं आता पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला नोकरीला आहेत. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे पहिल्यांदा विमानात बसणारं कोणी ना कोणी मला विचारतंच, "दादा, फोन बंद करावा लागते का? आन् पॉवर बँक कोणत्या बॅगेत टाकू?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना अर्धंमुर्धं माहीत असतं. दुसऱ्याचं मात्र अनेकांना चुकीचं माहीत असतं, आणि आज खरा धोका या दुसऱ्या प्रश्नात आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत फोनच्या सिग्नलबद्दलचे नियम हळूहळू सैल होत गेले, बॅटरीबद्दलचे मात्र कडक होत गेले. तरीही लोक फ्लाइट मोडवरून वाद घालतात आणि पॉवर बँक बिनधास्त चेक-इनच्या सुटकेसमध्ये कोंबतात. म्हणून आज दोन्हीबद्दल नीट बोलूया.

घाईत असाल तर एवढं वाचा

फोन बंद करायची गरज नाही, फ्लाइट मोडवर टाकायचा. तसा तो उड्डाणापासून उतरेपर्यंत वापरता येतो. पॉवर बँक केबिनमध्ये सोबत न्यायच्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात कधीच नाही, आणि विमानात तिने फोन चार्ज करायचा नाही. केबिन क्रूने काही वेगळं सांगितलं तर तेच ऐकायचं.

फ्लाइट मोड नेमकं काय करतो?

आपल्या फोनमध्ये तीन-चार रेडिओ असतात. एक मोबाईल टॉवरशी बोलणारा, एक वाय-फायचा, एक ब्लूटूथचा आणि एक जीपीएसचा. फ्लाइट मोड लावला की टॉवरशी बोलणारा रेडिओ पूर्ण बंद होतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ फोनच्या सेटिंगप्रमाणे बंद होतात किंवा चालू राहतात, आणि बंद झाले तर पुन्हा वेगळे चालू करता येतात. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर फ्लाइट मोड लावल्यावरही तो तुटत नाही. ब्लूटूथची ताकद इतकी कमी असते की विमान कंपन्यांना त्याची सहसा अडचण नसते. फक्त सुरक्षेच्या सूचना चालू असताना कानातले काढून ठेवा, एवढं तर आपल्याच भल्यासाठी.

जीपीएसची गंमत वेगळी आहे. फोनमधलं जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही. उपग्रहाकडून सिग्नल घेतं, स्वतः काहीच पाठवत नाही. म्हणून बऱ्याच फोनमध्ये ते फ्लाइट मोडमध्येही चालतं. निघण्याआधी महाराष्ट्राचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि फोन खिडकीजवळ धरा. खाली वर्धा आहे की यवतमाळ, ते कळतं. पुण्याला जाताना मी हा उद्योग नेहमी करतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात हा विषय विमान नियम, १९३७ मधल्या २९-ब या नियमात येतो. पूर्वी विमानात फोन पूर्ण बंद ठेवावा लागायचा. एप्रिल २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फ्लाइट मोडवरचा फोन, टॅब वगैरे प्रवासात सर्व वेळ वापरायला परवानगी दिली. अमेरिकेत तशी मोकळीक ऑक्टोबर २०१३ मध्ये मिळाली होती, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. मार्च २०२० मध्ये याच नियमात भर पडली: विमानात वाय-फायची मान्यताप्राप्त सोय असेल तर वैमानिक प्रवाशांना इंटरनेट वापरू देऊ शकतो, पण फोन फ्लाइट मोडवरच हवा.

लॅपटॉप उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बंद करून ठेवायला सांगतात, ते सिग्नलमुळे नाही. जोराचा धक्का बसला तर दीड-दोन किलोची ती वस्तू पुढच्याच्या डोक्यात जाऊ शकते, आणि घाईने बाहेर पडायचं झालं तर वाटेत अडकते. बस्स, एवढंच कारण.

पण फोनमुळे विमानाला खरंच काही होतं का?

प्रवाशाच्या फोनमुळे एखादा मोठा अपघात झाला, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. मग नियम कशाला? कारणं तीन आहेत आणि तिन्ही समजण्यासारखी आहेत.

पहिलं कारण वैमानिकाच्या कानातलं. जुना टू-जी फोन स्पीकरजवळ ठेवल्यावर कॉल यायच्या आधी येणारा 'टिर्र टिर्र' आवाज आठवतो? तोच आवाज वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येऊ शकतो. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, तेही जुन्या एएम पद्धतीने, ज्यात असा अडथळा थेट ऐकू येतो. उंची किती, कोणत्या धावपट्टीवर उतरायचं, असे आकडे त्या आवाजात हरवून चालत नाहीत. नागपूरकरांना हे जास्त कळायला हवं. आपलं शहर देशाच्या मध्यावर. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरातच भेटायची आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. आजही आपल्या डोक्यावरून जाणारी कितीतरी विमानं नागपूरला न उतरता नुसती इथल्या नियंत्रण कक्षाशी बोलून पुढे जातात. फोर-जी आणि फाइव्ह-जी फोन तसा आवाज फारसा करत नाहीत हे खरं, पण विमानात बसलेल्या दीड-पावणेदोनशे जणांच्या खिशात काय आहे हे कोण तपासणार?

दुसरं कारण जमिनीवरच्या टॉवरचं. जमिनीवर आपला फोन जवळच्या दोन-चार टॉवरना दिसतो. दहा किलोमीटर उंचीवरून तो एकाच वेळी कितीतरी टॉवरना दिसू शकतो, आणि ताशी आठशे किलोमीटरने पळत असल्याने कोणत्याच टॉवरशी नीट जुळत नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये हवेत सेल्युलर फोन वापरायला बंदी घातली, ती मुळात जमिनीवरच्या नेटवर्कला त्रास होतो म्हणून. यात आपलंही नुकसान आहे. टॉवर सापडत नाही म्हणून फोन पूर्ण ताकदीने शोध घेत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते.

तिसरं कारण फाइव्ह-जीचं, आणि यात नागपूरचं नाव थेट येतं. विमानाच्या पोटाखाली रेडिओ अल्टिमीटर नावाचं यंत्र असतं. ते जमिनीकडे लहरी सोडतं, परत येणाऱ्या लहरी मोजतं आणि जमीन किती फूट खाली आहे ते सांगतं. धुक्यात उतरताना वैमानिकाचा मोठा आधार हाच. हे यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतं. अमेरिकेत कंपन्यांनी फाइव्ह-जी ३.७ गिगाहर्ट्झच्या वर सुरू करायचं ठरवलं, तेव्हा दोन पट्टे फार जवळ आले. जानेवारी २०२२ मध्ये यावरून एवढा गोंधळ झाला की एअर इंडियाने अमेरिकेच्या काही फेऱ्या रद्द केल्या, त्यात मुंबई–न्यूअर्कही होती.

आपल्याकडे फाइव्ह-जीचा पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ, म्हणजे बरंच जास्त अंतर राखून. तरी दूरसंचार विभागाने २९ नोव्हेंबर २०२२ ला कंपन्यांना पत्र पाठवलं: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले फाइव्ह-जी टॉवर नकोत. त्याच्या पुढच्या ५४० मीटरमध्ये टॉवर चालेल, पण ताकद कमी ठेवायची. त्या वेळी एअरटेलने ज्या पाच विमानतळांवर फाइव्ह-जी टॉवर बसवले होते त्यांत नागपूर होतं, पुणेही होतं. हुडकेश्वर या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर आहे, त्यामुळे घरी फाइव्ह-जी रखडत असेल तर विमानतळाला दोष देऊ नका!

यात एक गोष्ट लक्षात घ्या. बंदी टॉवरवर आली, कारण टॉवरची ताकद खूप जास्त. आपल्या फोनची ताकद फोर-जीवर फार तर एक पंचमांश वॉट असते. फ्लाइट मोड ही एका फोनची गोष्ट नाही, पूर्ण विमानभर चालू असलेल्या फोनांची आहे.

आता खरा विषय: बॅटरी

फोनमध्ये आणि पॉवर बँकमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती दबली, आतून बिघडली किंवा मुळातच हलक्या दर्जाची असली तर आत शॉर्ट होतो. उष्णता वाढते, उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया होते, तिने आणखी उष्णता. एकदा हे चक्र सुरू झालं की बाहेरून थांबवणं फार कठीण. नुसती ज्वाळा विझवून भागत नाही, बॅटरी थंड करावी लागते, नाहीतर पुन्हा पेट घेते.

या गोष्टी फक्त परदेशात होतात असं समजू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ फोनच्या बॅटऱ्या पेटायला लागल्या तेव्हा डीजीसीएने तो फोन विमानात वापरायला आणि चार्ज करायला मनाई केली. त्याच महिन्यात सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात वरच्या कप्प्यातून धूर आला, आणि तो होता नोट २, म्हणजे जुनं मॉडेल. एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगड–दिल्ली विमानात एका प्रवाशाचा फोन पेटला, क्रूने अग्निशामक वापरून विझवला. १९ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात पॉवर बँकेने पेट घेतला. विमान तेव्हा जमिनीवरच होतं, म्हणून निभावलं.

सगळ्यात मोठा धडा कोरियातला. २८ जानेवारी २०२५ ला बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात वरच्या सामानाच्या कप्प्यात आग लागली आणि बघता बघता विमानाचं छत जळून गेलं. आतले १७६ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले, सगळे वाचले. तपासात पॉवर बँककडे संशयाचं बोट गेलं. विचार करा, हेच विमान ढगात असतं तर?

त्यानंतर नियम बदलायला लागले. कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून, एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून विमानात तिचा वापरच बंद केला. दुबईमार्गे जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. भारतात डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये परिपत्रक काढलं: पॉवर बँकेने विमानात काहीही चार्ज करायचं नाही, सीटजवळच्या सॉकेटला जोडून तिलाही चार्ज करायचं नाही, आणि ती हाताशी असलेल्या सामानात ठेवायची, वरच्या कप्प्यात नाही.

चेक-इनमध्ये का नाही, हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो. अनेकांना वाटतं, धोकादायक वस्तू प्रवाशांपासून दूर, खाली असलेली बरी. नेमकं उलटं आहे. केबिनमध्ये धूर आला तर कोणाला तरी दिसतो, आणि क्रूकडे ती आग हाताळायचं प्रशिक्षण असतं. खालच्या कप्प्यात कोणी नसतं. तिथली आग विझवायची यंत्रणा साध्या आगीसाठी ठीक, पण लिथियमचं ते उष्णतेचं चक्र तिला तोडता येत नाही.

तुमची पॉवर बँक चालेल का? हिशोब करा

मर्यादा एमएएचमध्ये नसते, वॉट-अवरमध्ये असते. सूत्र सोपं आहे: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-अवर. २०,००० ची ७४. दोन्ही आरामात चालतात, कारण मर्यादा १०० ची आहे. २७,००० वाली जेमतेम ९९.९ वर बसते. ३०,००० वाली १११ होते आणि तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या वर गेलात तर घरीच ठेवा.

हे आकडे पॉवर बँकेवर छापलेले असतात, आणि ते वाचता यायला हवेत. सीताबर्डीच्या फुटपाथवर दोनशे-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या काही पॉवर बँकांवर आकडा एक आणि आत माल दुसराच. सुरक्षा तपासणीत लेबल पुसलेली किंवा लेबलच नसलेली पॉवर बँक काढून ठेवायला सांगू शकतात. माझं मत विचाराल तर फुगलेली, पडून चेपलेली किंवा चार्ज करताना चटका देणारी पॉवर बँक विमानातच काय, घरातही वापरू नका.

एक जागा अशी आहे जिथे नियम माहीत असलेला माणूसही फसतो. विमान भरलेलं असलं की गेटवर कर्मचारी म्हणतात, "सर, वर जागा नाही, तुमची ट्रॉली बॅग खाली टाकतो," आणि टॅग लावतात. त्या क्षणी तुमची केबिन बॅग चेक-इनची बॅग झाली! त्यातली पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या तिथेच, टॅग लागायच्या आधी काढून खिशात किंवा लहान पिशवीत घ्या. म्हणूनच मी पॉवर बँक ट्रॉलीत ठेवायचा सल्लाच देत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये, वरच्या खणात ठेवा आणि सॅक पुढच्या सीटखाली सरकवा.

फोन सीटच्या फटीत पडला तर? सीट मागेपुढे करू नका, हात घालून ओढू नका. सीटच्या लोखंडी भागात फोन चिरडला की बॅटरी फुटते. बटण दाबा, क्रूला बोलवा. फोन किंवा पॉवर बँक गरम व्हायला लागली, फुगली, उग्र वास आला, तरीही लगेच सांगा. लाजू नका. "पोरगं उगाच घाबरलं" असं कोणी म्हणणार नाही. आणि अशी वस्तू रुमालात गुंडाळून बॅगेत लपवू नका, कारण उष्णता कोंडली की काम बिघडतं.

विमानातलं वाय-फाय

विमानाच्या पाठीवर अँटेना असतो, तो उपग्रहाशी बोलतो आणि आत साध्या राउटरसारखं वाय-फाय मिळतं. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी उड्डाणातली ही सेवा तीन हजार मीटर उंचीनंतर खुली केली. नोव्हेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर, विमानात उपकरणं वापरायची परवानगी असेल तेव्हा वाय-फाय देता येतं. एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ पासून काही देशांतर्गत विमानांत ते सुरू केलं. इस्रोचा जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोचा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून स्पेसएक्सच्या रॉकेटने गेला, त्याच्या कामांत विमानातलं इंटरनेटही आहे.

पण फार आशा ठेवू नका. नागपूरहून केलेल्या प्रवासात मला अजून एकदाही वाय-फाय मिळालेलं नाही. सिरीज, गाणी, तिकीट, हॉटेलचा पत्ता, सगळं घरूनच उतरवून घ्या. जिथे वाय-फाय मिळतं तिथेही व्हिडिओ अडकतो, आणि व्हॉइस कॉल बहुतेक कंपन्या बंदच ठेवतात. शेजारी बसलेल्याचं "हॅलो, हां बोल ना बे" दीड तास ऐकावं लागत नाही, हे मला तरी बरंच वाटतं.

फोटो, रील आणि चॅट

खिडकीतून ढगांचा फोटो काढायला हरकत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगड–मुंबई विमानात एका अभिनेत्रीला घेरून चित्रीकरणाचा गोंधळ झाला, तेव्हा डीजीसीएने कडक आदेश काढला. मग दुसऱ्याच दिवशी स्पष्ट केलं की प्रवासी फोटो-व्हिडिओ काढू शकतात, मात्र सुरक्षेला बाधा येईल किंवा गोंधळ होईल असं चित्रीकरण नको. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं आहे. तिथे जमिनीवर असताना कॅमेरा आतच ठेवा, घोषणा होते ती ऐका. क्रू मेंबरचा चेहरा न विचारता रीलमध्ये टाकणं हा तर साध्या शिष्टाचाराचा प्रश्न आहे.

चॅटचंही सांभाळा. ऑगस्ट २०२२ मध्ये मंगळुरूहून मुंबईला निघालेल्या विमानात एका तरुणाच्या फोनवरचा थट्टेतला मेसेज शेजारच्या प्रवाशाने वाचला आणि क्रूला सांगितलं. सगळे खाली उतरले, सगळं सामान पुन्हा तपासलं, विमान सुमारे सहा तास उशिरा सुटलं. सुरक्षेवरचे विनोद विमानात टाइपसुद्धा करायचे नाहीत.

फोनवरून क्रूशी वाद घातला तर? २०१७ पासून आपल्याकडे विमानबंदीचे नियम आहेत. तोंडी शिवीगाळ किंवा दंगा केला तर तीन महिन्यांपर्यंत, अंगावर धावून गेलात तर सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल असं वागलात तर किमान दोन वर्षं विमानात बसता येत नाही.

उतरल्यावर नेटवर्क कधी चालू करायचं?

चाकं टेकली की अर्धं विमान फोन काढतं. नियम असा की विमान धावपट्टीवरून बाजूला वळल्यावरच फोन लावायला मोकळीक असते, आणि दाट धुक्यात उतरलं असेल तर तेव्हाही नाही. क्रू घोषणा करतो, तिची वाट पाहा. फ्लाइट मोड काढल्यावर नेटवर्क मिनिटभरात आलं नाही तर फोन एकदा बंद करून चालू करा, परदेशातून आला असाल तर रोमिंगचं सेटिंग बघा. आणि बाबांना मेसेज टाका, ते सोनेगावच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तुमचं विमान फोनवर शोधत असतील.